घरगल्लीतली निळी छत्री

विमलताई गेल्याची बातमी मला दुकानाच्या पुढच्या दाराने कळली. मागचं दार मी तेव्हा सात महिने बंद ठेवलं होतं. गवार तोलत होतो. बायको चाळीतून उतरून आली आणि म्हणाली, "अहो, विमलताई गेल्या. हॉस्पिटलातच." मी गवार पुरी तोलली, गिऱ्हाईकाशी सुट्ट्यांवरून भांडलोसुद्धा. मग एकदम आठवलं, अकरा दिवसांपूर्वी त्यांनी मागचं दार ठोठावलं होतं... आणि मी ते उघडलं नव्हतं.

डिलाईल रोडची आमची चाळ आणि शेजारची चाळ यांच्या मधोमध घरगल्ली आहे. समोरून माणूस आला तर आपण भिंतीला पाठ लावून उभं राहावं, एवढीच रुंद. बांधणाऱ्यांनी ती सफाईसाठी सोडली होती, आम्ही तिची कचराकुंडी केली. दोन्हीकडच्या खिडक्यांतून सालं, माशांची खवलं, कालचा भात, जे नको ते खाली. माझ्या दुकानाचं मागचं दार तिथेच उघडतं. मी फूटपाथवर टोपली मांडून सुरुवात केली होती. स्वतःचा गाळा झाला तेव्हा मागे फुकटची कुंडीही मिळाली, याचा मला जरा जास्तच आनंद झाला होता.

विमलताई दुसऱ्या मजल्यावरच्या. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. घरात शिरलं की समोर बाबासाहेबांचा मोठा फोटो, आणि बाईंचा आवाज असा की तीन मजले ऐकू जावा. रिटायर झाल्यावर त्यांनी मागे लागून ती गल्ली तीनदा साफ करून घेतली आणि तिन्ही वेळा आठवड्याभरात ती पुन्हा भरली. चौथ्यांदा साफ झाली तेव्हा त्या स्वतःच आत जाऊन उभ्या राहिल्या. सकाळी आठ ते नऊ, म्हणजे घराघरांतून कचरा निघायच्या वेळेला, फिकट निळी छत्री उघडून. रिकाम्या गल्लीत टाकायला कोणाला काही वाटत नाही, पण बाईमाणसाच्या डोक्यावर टाकताना हात अडखळतो, एवढंच त्यांनी ओळखलं होतं. खिडकी वाजली की आवाजावरून खोली ओळखून, वर न बघताच पुकारायच्या, "तेवीस नंबर, बोला!" वरचा हात सालं घेऊन आत.

पहिल्याच दिवशी मी सडके टोमॅटो फेकले. त्या उभ्या आहेत हे माहीत असून फेकले, हे आता लिहूनच टाकतो. त्यांनी छत्री ढालीसारखी माझ्याकडे वळवली, एक टोमॅटो बरोबर मधोमध फुटला. खिडक्यांत सगळी चाळ गोळा झाली. मी तयारच होतो, चार शब्द ऐकायला आणि चाळीस ऐकवायला. बाई म्हणाल्या, "दत्ता, तुझ्या लाईनवर खरखर फार आहे. उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी सौदा झाला. तो मला अजून पाठ आहे.

"मला क्रेट ठेवायला भिंत पाहिजे."

"अर्धी घे. तुझा पाला मला दे, निवडून. सुतळी नाहीतर पिशवी सापडली तर माल परत."

"आणि?"

"फुटके क्रेट माझे, तुझ्या नळाचं पाणी माझं. आणि मी नसेन त्या दिवशी छत्री तू धरायची."

"चालेल ना."

मार्केटात दलाल मला बघून तोंड फिरवतात. मुदत विचारल्याशिवाय मी कुठल्याच बोलीला हो म्हणत नाही. इथे मात्र विचारली नाही. बाई ठणठणीत, गावाला जाणाऱ्या नव्हेत, सुट्टी घेणाऱ्या नव्हेत. शेवटची अट फुकटात पडली असं मला वाटलं होतं...

मग गल्लीचं रूप पालटत गेलं. पिंपात माझ्या पाल्याचं खत होऊ लागलं, फुटक्या क्रेटांत अळू, ओवा, गवती चहा लागला. घराघरात डब्याच्या तळाशी उरलेला रंग ताईंनी मागून आणला आणि भिंतीला लावला. त्यामुळे आमची भिंत कुठे पोपटी, कुठे गुलाबी, कुठे देव्हाऱ्याच्या रंगाची. मी चिडवायचो, "चाळ पडणार, टॉवर होणार. कोणासाठी नटवताय ताई?" त्या म्हणायच्या, "पडेपर्यंत खिडक्या उघडणारच ना रे?"

मग गल्लीसाठी चाळीचा सत्कार झाला. ताई माईकवर गेल्या. मी नवा शर्ट घालून पुढच्या रांगेत. त्या म्हणाल्या, "या गल्लीत सगळ्यात जास्त घाण कोणी टाकली असेल, तर आमच्या या दत्ताने!" अख्खी चाळ हसली. इतकी वर्षं पाला दिला, पाणी दिलं, आणि नाव एकदाच आलं, तेही घाणीबरोबर. मी उठून निघालो. घरी बायको म्हणाली, "खोटं काय बोलल्या त्या?" ते त्याहून जास्त लागलं. मागच्या दाराला कडी घातली. पाला पुढून पाठवत राहिलो, सौदा तो सौदा. पण बोललो नाही.

सात महिन्यांनी दार वाजलं. "दत्ता, लाईनवर आहेस का?" मी आतच होतो, हात कडीवर होता. मनाशी म्हटलं, दुसऱ्यांदा विचारलं तर उघडायचं. भाव करताना मी असाच थांबतो, पहिल्या बोलीला हलत नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. थोड्या वेळाने उघडून बघतो तर बाहेरच्या कडीला छत्री अडकवलेली. मला तो टोमणा वाटला. मी ती पिंपाजवळच्या त्यांच्या खिळ्याला टांगली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी कळलं, ताई अॅडमिट झाल्या. तपासण्या आहेत, येतील दोन दिवसांत, असं सगळेच म्हणत होते. चारचौघांत ज्यांनी मला घाण म्हटलं त्यांची छत्री मी धरू? नाही धरली. तिसऱ्या दिवशी अळवावर कांद्याची सालं पडली, आठव्या दिवशी क्रेट दिसेनासे झाले.

ताई गेल्यावर बायकोने एक गोष्ट सांगितली. ती भेटायला गेली होती तेव्हा ताईंनी मास्क बाजूला करून एकच विचारलं होतं, "दत्ता उभा राहतो ना?"

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"हो म्हणाले. काय सांगायचं होतं?"

मी तिच्यावर ओरडलो. मग फावडं घेऊन गल्लीत उतरलो, पोपटी भिंत दिसेपर्यंत थांबलो नाही.

आता रोज आठ ते नऊ मी तिथे असतो. भाजीच्या गिऱ्हाइकाची हीच वेळ, पुढे बायको एकटी पडते. एका सकाळी मुद्दाम गेलो नाही, बघू म्हटलं. दहा वाजता अळवावर केळ्याची सालं होती. म्हणजे सुटका नाही. मुदत विचारायची राहिली, आणि आता विचारायची कोणाला? माईकवरचं बोलणं मी अजून विसरलेलो नाही. आज त्या समोर आल्या तर आधी त्यावरूनच भांडेन. पण दाराला कडी घालत नाही.

छत्री त्यांनी कधी धुतली नाही. खालून उजेडाकडे बघितलं की निळ्या कापडाच्या मधोमध तपकिरी डाग दिसतो, त्या टोमॅटोचा. इतकी वर्षं तो त्यांच्या डोक्यावर होता, मला दारातून कधी दिसला नाही. परवा वरती खिडकी वाजली. मी वर बघितलं नाही, डागाकडे बघतच पुकारलं, "तेवीस नंबर, बोला..."