इंजिन बंद करायचं बटण

आमची होडी गेली तेव्हा मी आठवीत होते. 'बुडाली' असं आमच्या घरात म्हणत नाहीत, होडी 'गेली' म्हणतात. बाबांची स्वतःची लहान होडी होती आणि तिचं डिझेल इंजिन तेच चालवायचे. एकदा मासळी घेऊन परत येताना खडकांच्या अलीकडे इंजिन आपोआप बंद पडलं. बाबा हॅण्डल मारत राहिले, तळहाताची सालटी निघाली, पण इंजिन सुरू झालं नाही. लाटांनी होडी खडकावर नेऊन आपटली. होडीवरची माणसं पोहत काठाला आली, एवढं देवाने राखलं.

त्यानंतर बाबा दर्यावर गेले नाहीत. दुसऱ्याच्या नारळाच्या वाडीत राखणीला लागले. आई जेट्टीवर लिलावात मासळी घ्यायची आणि पाटी घेऊन बोर्लीच्या बाजारात जाऊन बसायची. त्या वर्षांत आमच्या घरी मासळी यायची ती विकायला, खायला उरलीच तर डोकी. त्याच पाटीवर मी शिकले. माणगावात राहून पदवी घेतली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मुद्दाम लिहिते, कारण आई अजून ते कुणी न विचारताच सांगते, मग मी तरी का लपवू?

नोकरी लागल्यावर मी लॅपटॉप घेतला आणि वाहनं बांधायच्या एका गेमच्या नादाला लागले. त्यात ठोकळ्याला ठोकळा जोडून गाडी, विमान, बोट, काय हवं ते बांधायचं. इंजिन बसवायचं, डिझेलची नळी जोडायची, हवा आत यायची आणि धूर बाहेर जायची सोय करायची. चुकलं तर गेम दया दाखवत नाही. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या महिन्यांत, होड्या किनाऱ्यावर ताडपत्र्या पांघरून बसलेल्या असताना, मी रविवारी घरी येऊन एक लहान डिझेल पाणबुडी बांधायला घेतली. दोन माणसं बसतील एवढीच.

बाबा बाजूला येऊन बसले. आधी नुसते बघत होते. मी इंजिन चालू केलं, लॅपटॉपमधून धडधड आवाज आला आणि बाबांची मान वर झाली. घरात तो आवाज किती वर्षांनी आला होता. "चालवू का जरा?" त्यांनी विचारलं. आजवर त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

किबोर्डावरच्या चारच कळा लागायच्या, त्या त्यांनी पटकन शिकून घेतल्या. पाण्यावर पाणबुडी अशी वळवायचे की बघत राहावं. अडचण पाण्याखाली जायची होती. डिझेल इंजिनाला हवा लागते. वर असताना इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या, मग इंजिन बंद करायचं, हवेच्या नळीचं झाकण लावायचं, टाक्यांत पाणी घेऊन पाणबुडी जड करायची आणि बॅटरीच्या मोटरवर खाली जायचं. मी सगळं समजावून सांगितलं. बाबा हो म्हणाले, आणि इंजिन चालू ठेवूनच टाक्यांत पाणी घेतलं. हवेच्या नळीतून पाणी आत शिरलं, पाणबुडी तळाला जाऊन आडवी पडली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. आई मासळीची पाटी धुता धुता म्हणाली, "पदवी घेतलीस आणि बापाला तळाला न्यायची होडी बांधलीस व्हय?"

मी विचार केला, हे काम त्यांच्यावर ठेवायलाच नको. टाक्यांत पाणी यायला लागलं की इंजिन आपोआप बंद होईल आणि नळीचं झाकण लागेल, अशी जोडणी मी पुढच्या रविवारी केली. इंजिनियरसारखी स्वच्छ जोडणी होती, मला तिचा अभिमान वाटत होता. बाबांनी पाणबुडी खोल पाण्यात नेली, टाक्या भरायला घेतल्या, आणि धडधड एकदम थांबली.

बाबांनी लॅपटॉपवरून हात काढला. उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

पाणबुडी पडद्यावर ठरल्याप्रमाणे खाली जात होती, बॅटरीवर, नळीतून एकही थेंब आत न घेता. मी तिच्याकडे बघितलंही नाही. आई माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "तवा पण असंच थांबलं होतं. त्येंच्या हाताने न्हाय थांबलं."

मी ती सगळी जोडणी काढून टाकली. चालकाच्या उजव्या हाताशी एक लाल बटण बसवलं, इंजिन बंद करायचं. त्याच्या शेजारी हिरवं, चालू करायचं. हिरव्याला स्वतंत्र बॅटरी दिली, बाकी सगळ्या संपल्या तरी ती संपणार नाही अशी. मग अंगणात गेले आणि बाबांना म्हटलं, "बाबा, आता ते आपोआप बंद पडणार न्हाय. तुम्ही बंद कराल तवाच होईल, आणि तुम्ही चालू कराल तवा चालू."

"दर्यात इंजिन बंद करायचं नसतं, बाय."

"मला ठाऊक हाय."

ते आत आले, पण लगेच बसले नाहीत. आईने खोबऱ्याचा तुकडा आणून लॅपटॉपसमोर ठेवला. नवी होडी नारळाशिवाय पाण्यात जात नाही, मग ती कुठल्या का पाण्यात असेना, असं तिचं म्हणणं. बाबा पहिल्यांदा हसले. म्हणाले, "किबोर्डावर फोडू नकोस म्हणजे झालं."

मग ते बसले. बॅटऱ्या भरेपर्यंत पाणबुडी वरच फिरवली, जरुरीपेक्षा जास्तच फिरवली. मी घाई केली नाही. शेवटी त्यांनी लाल बटणावर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, आणि दाबलं. आवाज थांबला. घरात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. बाबांनी झाकण लावलं, टाक्यांत पाणी घेतलं, आणि पडदा हळूहळू हिरवा होत गेला. खाली खडक होते. त्यांच्या मधून ते पाणबुडी सावकाश पुढे घेऊन गेले. आई माझ्या खांद्याला धरून उभी होती. खडक मागे पडल्यावर बाबांनी टाक्या रिकाम्या केल्या, वर आले, झाकण उघडलं आणि हिरवं बटण दाबलं. इंजिन पहिल्याच दमात धडधडलं.

ते आईकडे बघून म्हणाले, "इंजिन लागलं गो."

ती पाणबुडी मी नंतर गेममधल्या सगळ्यांसाठी खुली केली, आमच्या गेलेल्या होडीचं नाव तिच्या नाकावर लिहून. कुणीही ती घेऊन चालवू शकतं. ती पाण्याखाली जाते आणि वर येते. माझ्या बाबांनी भर दर्यात स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं, आणि स्वतःच्या हाताने परत चालू केलं.