वहिनीची मापांची वही

आमच्या गल्लीत माणसं राहतात याचा पुरावा सकाळी सात ते आठ एवढाच मिळतो. त्या वेळेला कुत्री आपापल्या माणसांना फिरवायला बाहेर काढतात. बाकी दिवसभर उंच कुंपणं, बंद फाटकं आणि कापून चौकोनी केलेली झुडपं. तीस-तीस वर्षं शेजारी राहून एकमेकांच्या घरात पाऊल न टाकलेले लोक आहेत इथे, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. ‘आमची गल्ली फार शांत,’ असं पाहुण्यांना सांगतात. शांत कसली, मुकी आहे मेली!

‘आमची गल्ली’ म्हणते खरी, पण आम्ही राहतो गॅरेजवर. माझा दादा तेरा नंबरच्या बंगल्यातल्या मालकीणबाईंची गाडी चालवायचा, म्हणून त्यांनी गॅरेजवरच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या होत्या. पुढे दादा गेला, मालकीणबाई गेल्या, गाडीही विकली गेली. उरलो मी आणि वहिनी. मालकीणबाईंचा मुलगा परदेशात असतो. त्यानं फोनवर सांगितलं, ‘राहा तुम्ही. खाली शिलाई मशीन ठेवा, माझी हरकत नाही. फक्त गल्लीतून एकही तक्रार माझ्यापर्यंत येता कामा नये. आली, की गॅरेजही सोडायचं आणि खोल्याही.’

तर वहिनी खाली गॅरेजमध्ये कपडे अल्टर करते. मी काजं करते, बटणं लावते आणि बोलते. माझा संसार दीड वर्षात आटोपला तो या बोलण्यापायीच, पण तो विषय वेगळा.

वहिनीचं काम बघण्यासारखं असतं. बाई येते, पॅन्ट टेबलावर ठेवते आणि म्हणते, “ड्रायक्लीनरनं आटवली हो!” वहिनी मान डोलावते. “हल्लीचे ड्रायक्लीनर म्हणजे अगदीच,” एवढंच म्हणते. माप घेते, पण आकडा तोंडानं कधी सांगत नाही, गुपचूप वहीत लिहिते. कंबर दोन इंच सोडते, आणि आतलं लेबल उसवून त्या जागी लहान नंबरचं लेबल शिवून देते. तिच्याकडे लेबलांचा एक डबाच आहे. बाई घरी जाऊन घालते, आरशात बघते, आत लेबल बघते आणि आठवडाभर नोकरमाणसांशी गोड बोलते. या गल्लीतल्या निम्म्या लोकांचे स्वभाव वहिनीनं सुईदोऱ्यानं सुधारलेत, असं माझं ठाम मत आहे.

गंमत म्हणजे प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच इथे येतो. सगळे मागच्या बोळातून येतात, कपडे भारी दुकानाच्या पिशवीत लपवून, बरोबर कुत्रा. दोघं समोरासमोर आले तर एकमेकांच्या कुत्र्याची तब्येत विचारतात आणि पुढे जातात. कुत्र्यांना मात्र अक्कल कमी. माझ्याकडे बिस्किट मिळतं हे त्यांना पाठ आहे, म्हणून मालक भरल्या गल्लीत सरळ पुढे निघाला, की कुत्रा त्याला गॅरेजकडे ओढतो. “आज याला काय झालंय कोण जाणे!” असं म्हणत मालक लालेलाल होतात.

वहीत वहिनी कुणाचं नाव लिहीत नाही. तिनं प्रत्येकाला आपलं एक टोपणनाव दिलंय. वही चुकून कुणाच्या हाती पडली तरी कळू नये, म्हणून. असं तिला वाटायचं, बरं का.

आता अध्यक्षांबद्दल. हे आमच्या गल्लीच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. निवृत्त झाल्यापासून त्यांना नियमांचा नाद लागला. झुडपांची उंची पाच फूट. फाटकाचा रंग राखाडी, तोही तीन छटांपैकीच. वाळत घातलेले कपडे रस्त्यावरून दिसता कामा नयेत. आमच्या दाराबाहेरचा दिवा पिवळा आहे, पांढरा हवा, म्हणून एकदा मला दोन पानी पत्र आलं होतं. मी त्या पत्राचं पाकीट टाचण्या ठेवायला वापरते.

आणि अध्यक्षांचा कोट! दर वर्षी मंडळाच्या बैठकीला ते आपल्या लग्नातला काळा कोट घालून येतात, दोन्ही हात पसरून उभे राहतात आणि म्हणतात, “बत्तीस वर्षं झाली. एक इंच फरक नाही. शिस्त लागते!” लोक टाळ्या वाजवतात. कुणी पोट आत घेतं, कुणी समोरची केकची बशी हळूच लांब सारतं.

या कोटाची खरी गोष्ट तीनच माणसांना ठाऊक होती. वहिनीला, मला आणि अध्यक्षीणबाईंना. दर वर्षी बैठकीच्या आधी महिनाभर त्या मागच्या बोळातून यायच्या. कोट टेबलावर ठेवायच्या आणि बागेतल्या नवीन कळ्यांच्या किंवा पावसापाण्याच्या गप्पा मारायच्या. वहिनी कोट उसवून अर्धा इंच सोडायची. शिवणीत जे जादा कापड दाबून ठेवलेलं असतं, त्याला आम्ही माया म्हणतो, ती पाच-सहा वर्षांत संपली. मग काखेखाली पट्ट्या आल्या. मग अख्खी पाठ बदलली. अध्यक्षीणबाई तसलंच काळं कापड शोधून आणायच्या आणि प्रत्येक वेळी जाताना म्हणायच्या, “यांना चुकूनही कळू देऊ नका हं.” अध्यक्षांना बिचाऱ्यांना काय कळणार? कपाटातून काढला, अंगात घातला, बसला.

यंदा बैठकीच्या दहा दिवस आधी आमच्या दाराखालून नोटीस सरकली. निवासी गल्लीत व्यवसाय चालवल्याबद्दल तेरा नंबरच्या मालकाकडे तक्रार पाठवण्याचा प्रस्ताव आहे, तरी संबंधितांनी व्यवसायाच्या कागदपत्रांसह बैठकीला हजर राहावं. खाली अध्यक्षांची सही. गवत कापणाऱ्या माणसाकडून त्यांना मशीनच्या आवाजाचा पत्ता लागला होता म्हणे.

या वयात दोन बायकांनी मशीन डोक्यावर घेऊन जायचं कुठे? मी वहिनीला म्हटलं, “सगळे आपलीच गिऱ्हाइकं आहेत. एकेकाला गाठून सांग ना, बाबा आमच्या बाजूनं बोल.”

“कुणी बोलणार नाही, वन्सं,” वहिनी म्हणाली. “बोलायचं तर इथे येतो हे कबूल करावं लागेल.”

खरंच होतं ते.

रविवारी सकाळी बैठकीला निघताना बघते तर वहिनीच्या हातात मापांची वही. मी कपाळावर हात मारला. “अगं, ती कशाला?”

“कागदपत्रं आणा म्हणालेत. माझ्याकडे एवढाच कागद आहे.”

“अगं, पण त्यात काय काय लिहिलंयस तू!”

“नावं नाहीत ना,” वहिनी म्हणाली आणि जिना उतरली. टेप गळ्यात तसाच. तो काढायचं तिच्या लक्षात राहत नाही.

बैठक अध्यक्षांच्या दिवाणखान्यात होती. पांढरा गालिचा, पांढरे सोफे, पांढरी फुलं. बसायचं म्हणजे अपराध वाटावा. पंचवीस-तीस जण होते. एकानंही आमच्याकडे ओळखीनं पाहिलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या गॅरेजमध्ये पडद्याआड अर्ध्या कपड्यांत उभे असलेले गृहस्थ छताकडे बघत होते. मला असा राग आला म्हणता! अध्यक्ष काळा कोट घालून उभे होते, हात पसरून त्यांचं ‘एक इंच फरक नाही’ नुकतंच झालं होतं. पहिल्या रांगेत अध्यक्षीणबाई मांडीवर हात घट्ट धरून बसल्या होत्या.

“व्यवसाय चालतो की नाही?” अध्यक्षांनी विचारलं.

“चालतो,” वहिनी म्हणाली. एवढी सरळ बाई!

“पुरावा?”

वहिनीनं वही दिली. अध्यक्षांनी चष्मा लावला. “मी मोठ्यानं वाचतो, म्हणजे सगळ्यांच्या नोंदीला येईल.”

“वाचायची काही गरज नाही, साहेब,” वहिनी म्हणाली.

“ते आम्ही ठरवू.”

आणि त्यांनी सुरुवात केली. “‘जिमवाले. कंबर बत्तीस म्हणाले, अडतीस भरली. बत्तीसचं लेबल लावून दिलं.’” तिसऱ्या सोफ्यावरच्या रुंद खांद्यांच्या तरुणानं एकदम बुटाची नाडी बांधायला घेतली. त्याच्या बुटाला नाडी नव्हती. “‘फॉरेनवाल्या बाई. झगा पॅरिसचा म्हणाल्या. आपल्याच बाजारातला आहे. बोलले नाही.’” खिडकीजवळ कुणाचा तरी कप बशीत आपटला. “‘खिसेवाले. आतल्या खिशात पुन्हा चॉकलेटचे कागद. खिसा शिवून टाकला.’” यावर एका बाईंनी सावकाश मान वळवून शेजारच्या नवऱ्याकडे पाहिलं.

मी ओठ आत दाबून धरले होते. भीती होतीच, पण खोटं कशाला बोलू, मजाही येत होती.

“‘मोठं फाटक,’” अध्यक्ष वाचत होते. “‘शर्टाची कॉलर दुसऱ्यांदा उलटवायला आणली. दोन्ही बाजू झिजल्या आहेत. दुसरं कापड लावून दिलं.’” गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या बंगल्याचे मालक पानं न उलटता वर्तमानपत्र वाचू लागले.

“अध्यक्ष, पुरे झालं,” कुणीतरी म्हणालं. “तसं हे काही फार व्यवसायासारखं वाटत नाही,” दुसरं कुणी म्हणालं. “छंद आहे, छंद!” हे जिमवाले. पण अध्यक्षांना वाटलं, आपण अखेर काहीतरी मोठं उघडकीला आणतोय. ते आणखी रंगात आले. पुढचं पान काय आहे ते मला माहीत होतं. अध्यक्षीणबाईंनाही माहीत असावं, कारण त्या अर्धवट उठल्या.

“साहेब, ते पान राहू द्या,” वहिनी म्हणाली. मी तिचा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

“का? यातच असणार सगळं,” असं म्हणून त्यांनी पान उलटलं. “‘लग्नाचा कोट. अर्धा इंच सोडला. अर्धा इंच सोडला. अर्धा इंच सोडला. माया संपली. काखेखाली पट्टी. बटणं सरकवली. पुन्हा पट्टी. पाठ पूर्ण नवीन. बाह्या नवीन. मूळ कोटाची आता कॉलर आणि दोन खिसे उरले. बाई म्हणाल्या, कळू देऊ नका.’”

ते वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “हा कोणाचा?”

एकेक करून सगळ्यांची नजर एकाच जागी गेली. अध्यक्षांनीही खाली पाहिलं. मग कोट काढला, उलटा केला, आणि अस्तर बाजूला करून आतल्या शिवणी बघत राहिले. काळ्याच्या चार निरनिराळ्या छटा होत्या तिथे. माझी मजा तिथेच संपली. कितीही झालं तरी माणूस शर्टावर उभा होता, सगळ्या गल्लीसमोर, आणि पोट काही लपत नव्हतं. आता हा चिडणार आणि आज संध्याकाळीच परदेशी पत्र जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

“किती वर्षं?” त्यांनी बायकोला विचारलं.

“सतरा.”

“मला सांगायचं नाही?”

“अहो, वर्षातून एकदा तुम्ही तो घालून आरशासमोर उभे राहायचात,” त्या म्हणाल्या, “आणि मग मला हाक मारायचात. एरवी दिवसेंदिवस मारत नाही.”

अध्यक्षांनी कोट नीट घडी करून बायकोच्या मांडीवर ठेवला, वहिनीसमोर आले आणि दोन्ही हात पसरले.

“घ्या माप,” ते म्हणाले.

वहिनीनं गळ्यातला टेप काढला. छाती, मग पोट. आकडा सांगायचा नसतो, म्हणून तिनं टेपचं टोक फक्त त्यांच्याकडे वळवलं. त्यांनी चष्मा पुढे ओढून पाहिलं आणि खणखणीत आवाजात सगळ्या गल्लीला सांगितलं, “शेहेचाळीस!” अध्यक्षीणबाईंनी वही उचलली आणि लिहून घेतलं. लिहिताना त्यांचे डोळे भरले होते, आणि हसूही येत होतं त्यांना.

“नवीन शिवा,” अध्यक्ष म्हणाले. “कधी मिळेल?”

वहिनीनं शांतपणे टेप गुंडाळला. “गॅरेज उघडं राहिलं, तर पुढच्या बुधवारी.”

मी डोळे मिटून घेतले.

अध्यक्षांनी टेबलावरचा तक्रारीचा कागद उचलला, दुमडला आणि पॅन्टच्या खिशात कोंबला.

“बुधवारी चालेल,” ते म्हणाले.