मामाचं ‘आलोच’

आमचा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे जिथे लिफ्ट चालू असते तिथे त्याला कोणी बोलावत नाही, आणि जिथे बोलावतात तिथे त्याला जिन्यानं चढावं लागतं. खांद्याला पान्यांची पिशवी, तोंडात शीळ. वरच्या खोलीत जाऊन हातांना ग्रीस फासायचं, आणि मग आपणच दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये उभं राहून, आरशात भांग पाडत, सरदारासारखं खाली यायचं. “आपल्या कामावर आधी आपण विश्वास ठेवावा,” म्हणतो.

त्याचा दुसरा लौकिक म्हणजे ‘आलोच’. कोणी ना कोणी कुठल्या तरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं असायचं, आणि मामा घरी, नाहीतर शाळेत फोन करून सांगायचा, “आलोच!” शब्द भूतकाळी, माणूस भविष्यकाळी. ताई, म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, या शब्दाच्या भरवशावर शाळेच्या फाटकाशी दप्तर मांडीवर घेऊन बसून राहायची. शेवटी शिपाईच तिला घरी आणून सोडायचा.

पुढे ताई डोंगराच्या शर्यतीत पळायला लागली. पहाटे निघायचं, अख्खा डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं, आणि शेवटची कमान बंद व्हायच्या आत पोचायचं. बक्षिसाची आशा नाही, नुसती हौस. दरवर्षी म्हणायची, “बाबा, एकदा माझ्याबरोबर ये ना.” आणि दरवर्षी मामाचं ‘आलोच’. यंदा मात्र ती नवऱ्याबरोबर कायमची परदेशी निघाली होती. शर्यत झाली की लगेच विमान. मामानं मुकाट्यानं नाव नोंदवलं.

सरावाला गावातली सगळ्यात उंच इमारत गाठली. धडाधडा चढायचा, वरून लिफ्टनं खाली, की पुन्हा चढायचा. वेळ वाचतो म्हणे! आम्ही घरातले शहाणे कौतुकानं बघत होतो. हा माणूस एकदाही पायानं उतरत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

डोंगरावरचं मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं. चढावर म्हणे मामा ताईच्याही पुढे.

“बाबा, दमानं!”

“अगं, आज खांद्यावर पिशवी नाही. नुसता उडतोय!”

माथ्यावर तर त्यानं जाहीरच केलं, “झालं की! खाली काय, दगडसुद्धा जातो.”

दगड खाली गेले. मामाचे गुडघे नुसतेच गेले. अर्ध्या उतारावर मांड्या लटपटायला लागल्या; मग तो बसून, घसरत, हातांनी गवत धरत उतरू लागला. शेवटी एका खडकाला टेकला.

“बुटात खडा गेलाय गं. तू हो पुढे. आलोच.”

ताई त्याच्या शेजारी बसली. “तो शब्द नको, बाबा. तू तसं म्हणालास की मला वाट बघावी लागते.”

“वेळ जातोय, वेडाबाई.”

“जाऊ दे. बरोबर पोचायचं ठरलंय आपलं.”

मामानं उठायचा प्रयत्न केला. उठता येईना. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “मी येत नाही, बाळा. माझ्यानं होत नाही. तू जा.”

असं तो तिला आयुष्यात कधी म्हणाला नव्हता. शर्यतीच्या माणसांनी येऊन मामाला दोन्ही बाजूंनी धरलं, तेव्हा कुठे ती निघाली.

मी खाली कमानीपाशी टॉवेल घेऊन उभा होतो. ताई वेळेत आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिनं डोंगराकडे तोंड केलं ते केलंच. मामाला घेऊन जीप मागच्या रस्त्यानं आली आणि तिच्या पाठीमागे थांबली. मी हाक मारणार, तेवढ्यात मामानं माझं मनगट धरलं.

“थांब जरा.”

“अरे, तुझीच वाट बघतेय ती!”

“येत नाही म्हणून सांगितलंय तिला,” मामा म्हणाला. “तरी बघतेय बघ.”

पायवाटेवरून एकेक जण उतरत होता. प्रत्येकाला बघून ताई टाचा उंच करायची, आणि पुन्हा खाली टेकवायची. मामाची पकड सुटेना.