डावीकडं कललेली गाडी

माझ्या नव्या संसारात मला माझी म्हणावी अशी एकच जागा होती, आणि ती आमच्या गाडीच्या पुढच्या सीटवर होती.

मोठ्या दुष्काळाच्या आधीचा हिवाळा. राहात्याकडच्या एका साखर कारखान्यात आमचे हे फिटर होते. यंत्रं बसवायला आलेला एक अमेरिकन इंजिनियर जाताना आपली गाडी मागं टाकून गेला, ती ह्यांनी घेतली. दोन दारांची, लांबलचक, आठ सिलिंडरची. चालू केली की कॉलनीतल्या खिडक्या थरथरायच्या. लोक हसायचे, पण ह्यांचा जीव होता तिच्यावर. रविवारी आम्ही तिच्यातून संगमनेरला नणंदेकडं जायचो. सासूबाईंना गाडी लागायची, म्हणून त्या मागच्या सीटवर आडव्या व्हायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. त्यामुळं पुढं, नवऱ्याशेजारी बसायचं भाग्य माझ्या वाट्याला आलं.

घरात सासूबाईंसमोर आम्ही एकमेकांशी धड बोलतही नसू, जवळ बसणं तर दूरच. पण गाडीचा मागचा डावा पाटा बसला होता. पाटा म्हणजे चाकावर गाडीचं ओझं पेलणारी लोखंडी पट्ट्यांची कमान. ती पार सपाट झाल्यामुळं गाडी डावीकडं कलायची, आणि परदेशी गाडी असल्यानं स्टिअरिंगही डावीकडंच. सीट सलग, गुळगुळीत रेक्झिनची. एकेका खड्ड्यासरशी मी उजव्या दारापासून घसरत घसरत ह्यांच्यापाशी जायची. खांद्याला खांदा लागायचा. त्यात माझा काय दोष? सगळा दोष पाट्याचा.

पुढची गाडी ओलांडायची झाली की डावीकडून ह्यांना समोरचा रस्ता दिसायचा नाही. मग ते विचारायचे, मी दाराशी सरकून बाहेर डोकवायची, रस्ता मोकळा आहे म्हणून सांगायची आणि परत घसरत जायची. सासूबाईंसमोर तेवढंच आमचं बोलणं. उसावर धुकं असायचं, मळीचा आंबूस वास यायचा, बैलांच्या घुंगरांचा आवाज जवळ येऊन मागं पडायचा. मी जागी आहे की झोपेत, तेच मला कळायचं नाही. संगमनेर येऊच नये असं वाटायचं.

एके दिवशी टायर मडगार्डला घासायला लागला. ह्यांनी खाली वाकून पाहिलं, तर डाव्या पाट्याची एक पट्टी मोडलेली. दोन्ही बाजूंचे पाटे बदलायचे, असं त्यांनी तिथंच ठरवलं. मी म्हटलं, "जरा कललेली राहिली तर काय बिघडतं?" त्यावर टायर कसा फुटतो हे त्यांनी मला जेवण होईपर्यंत समजावलं. माणूस हुशार, पण काही बाबतीत ठार आंधळा.

नगरच्या एका पाटेवाल्यानं ट्रकच्या पट्ट्या कापून, तापवून नवे पाटे वळवून दिले. ह्यांनी अंगणात जॅक लावला, गाडीखाली लाकडी ठोकळे दिले, गंजलेल्या बोल्टांना रॉकेल पाजलं. पाने हातात द्यायला मी. एखादा बोल्ट निघूच नये, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते. सगळे निघाले. जुना पाटा मातीत आडवा पडला, दमून आलेल्या माणसासारखा. मला त्याची फार माया आली.

गाडी जमिनीवर टेकली, तिचं ओझं पाट्यांवर आल्यावर ह्यांनी बोल्ट शेवटचे आवळले, मग मागं जाऊन एक डोळा मिटून पाहिलं. गाडी सरळ उभी होती. मी घरात जाऊन रडले, आणि लोखंडासाठी रडतेय म्हणून स्वतःवरच चिडले.

रविवारी निघालो. सीट आता ओट्यासारखी सपाट. खड्डे आले तशी गाडी नुसती डुलली, मी होते तिथंच. आमच्या दोघांमध्ये आणखी एक माणूस बसेल एवढी जागा राहिली. आपणहून सरकावं, तर मागं सासूबाई. ह्यांची आधी खुशीत शीळ चालली होती. मग त्यांनी एकदा त्या मधल्या जागेकडं पाहिलं आणि शीळ थांबली.

मागून सासूबाईंचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"सूनबाई, दाराला कशाला चिकटलीस? दर खेपंला बसत हुतीस तितंच बस की."

मी सरकले. कान गरम झाले होते. पुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. त्या ओलांडायच्या तर मी दाराशी जाऊन रस्ता बघायला हवा होता. ह्यांनी विचारलंच नाही. आठ सिलिंडरची ती गाडी बैलांच्या चालीनं त्यांच्या मागून जात राहिली.