नानाजीच्या मांडवातले चारशे पाहुणे

आमच्या आष्टी तालुक्यात लग्न कोणाचंही असो, माइक नानाजी थूलच्या हातात. मांडवात पाय टाकला की तो तुमचं नाव-गाव पुकारून पंगतीला बसवणार! चौथीपर्यंत आम्ही एकाच तरटावर बसलो. गुरुजी तंबाखू मळत आणि हजेरी हा घेई.

त्याच्या एकुलत्या पोरीचं, मयुरीचं लग्न नेमकं आमदारकीच्या प्रचारात आलं. नानाजी सांगत फिरे, "माइकवरून साऱ्या गावाच्या पोरी सासरी धाडल्या. आता आपलीले जाताना डोळे भरून पाहीन."

तेवढ्यात उमेदवार भाऊंचा माणूस, प्रफुल, घरी आला. "काका, सैपाक आमच्याकडून. फक्त आमचे चारशे कार्यकर्ते तुमच्या पंगतीत बसतीन. सभेत जेवू घातलं तं निवडणूकवाले एकेक ताट भाऊंच्या खर्चात धरते, अन् खर्चाची मर्यादा तं भरून राह्यली."

नानाजी हो म्हणून बसला.

लग्न लागलं. कार्यकर्ते आले आणि ह्या पठ्ठ्यानं सवयीनं पुकारलं, "भाऊंच्या प्रचारातले चारशे पाहुणे आले हो, बसून घ्या!" भोंगा रस्त्याकडे तोंड करून, आणि रस्त्यावर निवडणुकीचं भरारी पथक!

पथकाच्या रक्षा मॅडम कॅमेरेवाल्याला घेऊन आत आल्या. "काका, हे जेवण कोणाचं?"

प्रफुल कानाशी लागला, "आपलंच म्हणजो. नाई तं चुलीवरचे भाताचे गंज आत्ताच उचलतो."

नवरदेवाकडच्या वऱ्हाडाची पंगत अजून बसायची होती.

"माह्यंच," नानाजी म्हणाला.

"म्हणजे पाहुणेही तुमचेच. मग सगळ्यांची नावं लिहून द्या."

साऱ्या तालुक्याची नावं तोंडपाठ असलेला माणूस, पण ह्या चारशेंत ओळखीचा एक नाही! वही घेऊन तो पंगतीत वाकत निघाला. मागे मॅडम, पुढे प्रफुल. मला राहवेना.

"काऊन बे नानाजी, आजही हजेरी घेऊन राह्यला का?"

"चूप राय. एकशेबारावर आलो, चुकवू नको."

मी हसलो खरा, पण त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. त्याच्या बायकोनं, कमलावहिनींनी, दोनदा निरोप धाडला, नवरीची गाडी निघते म्हणून. तो उठायला गेला की मॅडम म्हणत, "काका, पुढचं नाव."

शेवटी मयुरीच पंगतीत आली आणि पाया पडायला वाकली. नानाजीची मान वहीतच.

"नाव?"

"मयुरी," ती म्हणाली.

त्यानं लिहिलंही.