मावशीच्या माशांची बदली

मावशीवर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही मनातल्या मनात पाट मांडून बसला असाल. आता सांज्याच्या पोळ्या येतील, डोक्यावरून मायेचा हात फिरेल, शेवटी पदर डोळ्याला लागेल. नाही बाप्पा, उठा. माझ्या अकोल्याच्या मावशीनं माझ्या डोक्यावरून कधी हात फिरवला नाही. फिरवला तो पाठीच्या कण्यावरून, मणके चाचपत. दारात पाय ठेवला की ती आधी पाहायची, हा बॅग खाली कशी ठेवतो. कमरेतून वाकलो की आतून आवाज, "वाकला! गुडघे भाड्यानं देले का बे?"

मावशी सरकारी नर्स होती. अर्धी नोकरी सेमाडोहकडं, मेळघाटात गेली. बाळंतिणीला बाजेवर घालून, जीप येईल त्या रस्त्यापर्यंत उचलून आणायचं. वजन उचलायला ती तिथं शिकली. रिटायर झाल्यावर तिला नाद लागला माशांचा. साधासुधा नाही. चार फुटी काचेची टाकी, खाली लोखंडी स्टँड, आत नदीतले गोटे आणि गुबगुबीत गोल्डफिश. काका म्हणायचे, "लोकायच्या बायका रिटायर होऊन भजनाले जातेत. आमची काचेले नाक लावून बसली."

आता अकोल्याचा उन्हाळा. तिथं माणसं शिजतात, गोल्डफिशचं काय घेऊन बसलात. म्हणून होळी झाली की टाकी समोरच्या खोलीतून मधल्या खोलीत, कूलरच्या गारव्याला न्यायची आणि पावसाळा लागला की परत. मावशी याला बदली म्हणायची, कारण तिच्या खात्यात बदल्या उन्हाळ्यातच निघायच्या. मला अमरावतीला फोन यायचा, "मास्यायची ऑर्डर निघाली. रविवारी जॉइन हो."

पहिल्याच बदलीत आम्ही घोळ घातला. मावशी बाजारात गेली होती. टाकी पूर्ण रिकामी करायचा काकांना कंटाळा. "राहू दे वीतभर पाणी, तेवढ्यानं काय होते." मी एका टोकाला, काका दुसऱ्या. उचलली तसं सगळं पाणी काकांकडं धावलं, त्याच्यामागं वजन गेलं, आणि काका कमरेतून जे वाकले ते तसेच राहिले. टाकी वाचली. मावशीनं आल्या आल्या काकांना फरशीवर उताणं झोपवलं, पोटऱ्यांखाली उशा दिल्या आणि त्यांच्या उशाशी उभी राहून मला झापलं, "पाणी म्हंजे दारू पेलेला पेशंट. तू उचलतं इकडून, थो कलंडते तिकडं. आधी पुरी खाली कर टाकी."

तेव्हापासून सगळं तिच्या पद्धतीनं. मासे त्यांच्याच पाण्यासकट बादलीत, वर ओला पंचा. टाकीतलं पाणी नळीनं मोगऱ्याला. नळी तोंडानं ओढायचं काम माझं, त्या पाण्याची चव विचारू नका. मग गोटे, तेही अर्धीच बादली भरून. "पुरी भरून शायनिंग नोको मारू. दोन चकरा ज्यादा मार, तुह्या बापाचं काई जात नाई." रिकामी टाकी ओल्या पोत्यावरून सरकवत न्यायची, उचलायची फक्त स्टँडवर चढवताना. गुडघ्यांत बसायचं, टाकी पोटाशी धरायची आणि मावशीनं "फू" केलं की श्वास सोडत उठायचं. वळायचं तर पाय वळवायचे. "कमर नोको फिरवू. कमर काय नळाची तोटी हाय?"

मला नकलांचा किडा. अचलपूरला शाळेत शिकताना हेडमास्तरांपासून घंटेपर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचो. मावशीची नक्कल मी तिच्यासमोरच केली. सगळे लोटपोट, ती मात्र गंभीर. "आवाज बरा काढतं. पण मी उचलताना टाच उचलत नाई. पुन्हा कर." मग दर लग्नात ती मला उभं करायची, आणि वऱ्हाडी मंडळी हसता हसता गादी कशी उचलायची ते शिकायची.

गेल्या होळीच्या बदलीला तिनं खुर्चीत बसूनच "फू" केलं. मला वाटलं, थकली असेल. पोटात गाठ होती. नागपूरच्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. काकांनी हे मला फोनवर सांगितलं.

माशांची परतीची ऑर्डर निघायच्या आत ती गेली. पण तो दिवस मला नीट आठवतच नाही. आठवते ती त्याआधीची, मे महिन्यातली एक दुपार. मावशी मागच्या खोलीत पलंगावर, टाकी मधल्या खोलीत. मध्ये एक भिंत. टाकीतल्या मोटरीची बुडबुड तिला ऐकू यायची, मासे दिसत नव्हते.

"एकडाव मासे दाखव मले," ती म्हणाली.

"टाकी इकडंच आणतो ना. काका अन् मी—"

तिनं डोळे वटारले. "या तपनात? अर्धे मरतीन. एका पेशंटसाठी पुरा वॉर्ड हलवतेत का? मले ने तथी."

एक हात तिच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली. खाली बसलो, तिला पोटाशी घेतलं. मी तयारी केली होती ती माझ्या धिप्पाड मावशीच्या वजनाची. उठलो, तर श्वास सोडायची गरजच पडली नाही. गोट्यांची अर्धी बादली याच्याहून जड असायची. काका पडदा बाजूला धरून उभे होते, पडद्याकडंच पाहत.

टाकीपुढच्या खुर्चीत तिला बसवलं. मान टिकत नव्हती म्हणून मागं माझा हात तसाच ठेवला. खायला आलं समजून सगळे गोल्डफिश काचेपाशी गोळा झाले. ती पाहत राहिली. मी तिच्याकडं पाहत होतो, आणि माझं नाक वाहायला लागलं.

तिला मान न वळवता कळलं.

"पेशंटसमोर रडतं? माह्या वॉर्डात असता तं हाकलला असता तुले. नाक पूस आधी. अन् थो कोपऱ्यातला मासा पाह्य, परावर पांढरे ठिपके आले त्याच्या. पाण्यात मीठ टाकजो, तुह्या काकाले काई समजत नाई त्याच्यातलं." तिला धाप लागली. थांबली, दम घेतला आणि पुन्हा सुरू झाली, "आता माह्यं तोंड काहून पाहून राहिला बे? मासे पाह्य."