चादरमावशीची एक बादली

तळ्याकाठच्या घराघरांत पाहुण्यांच्या खोल्या होत्या आणि त्या सगळ्या खोल्यांच्या चादरी धुण्याचं काम एकटीच्या अंगावर; म्हणून तिचं नाव पडलं चादरमावशी. तळ्यात इंजिनाची होडी नाही, काठावर साबण नाही, धुण्याचं पाणी कुंपणामागच्या खड्ड्यातच, हे नियम गावानं हात वर करून केले होते. मावशीचा हात सगळ्यांत आधी वर गेला होता. ही बाई स्वतःची सावलीसुद्धा झटकून वाळत घालील, असं लोक म्हणत.

आणि त्याच बाईनं मंगळवारी माती खाल्ली. कुणा पाहुण्यानं चादरीवर शाई सांडली होती आणि दुपारी नवे पाहुणे यायचे होते. मावशीनं गुपचूप ब्लीच आणून डाग काढला. कंबर धरली होती, खड्डा लांब होता. तिनं बादली जवळच्या नाल्यात ओतली. नाला सरळ तळ्यात जातो.

गुरुवारी सकाळी काठाशी मासे पोटं वर करून तरंगत होते. मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. पाहुणे सामान बांधून निघाले, पाणी तपासणारे साहेब बाटल्या भरून घेऊन गेले. कुणी सहज पाहिलं तरी ती नजर चुकवून आत जाई. सुनेनं जेवायला बोलावलं की पित्ताचं कारण सांगून वेळ मारून नेई. काम गेलं तर एक वेळ चालेल. पण गावानंच तोंड फिरवलं तर या वयात जायचं कुठं, हीच भीती होती.

शनिवारी शाळेत बैठक भरली. मावशीची थोरली जाऊ तळ्याच्या समितीची अध्यक्ष. तपासणीचं पाकीट नुकतंच हातात पडलं होतं. जाऊबाई ते फोडत होत्या, तोवर लोकांनी एका नावाड्याला धारेवर धरलं. चोरून इंजिन लावलंस, तेल सांडलंस, म्हणू लागले. तो रडकुंडीला आला. मावशी उठली.

"त्याला बोलू नका. नाल्यात ब्लीच मी ओतलं. एक बादली."

जाऊबाईंनी पाकिटातला अहवाल वाचून दाखवला. उकाड्यानं पाण्यातली हवा कमी झाली आणि मासे गुदमरले. पाण्यात विष सापडलं नव्हतं.

मावशी खाली बसली. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडेना. मिनिटभर गप्प बसली असती, तर कुणाला काही कळलंही नसतं.

"उद्यापासून चादरी दोघींनी धुवायच्या," जाऊबाई कागदाची घडी घालत म्हणाल्या. "दुसरी मी."

मावशीनं मान हलवली. त्या सोबतीला येणार की पाळतीवर, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.